बाबांच्या ताटातलं मीठ

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद, तेही नाइलाजाने. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ ताब्यात राहत नाही, म्हणून लिहिते.

वि. वि. बाबा दवाखान्यात आहेत. रविवारी सकाळी पाव कापता कापता हातातली सुरी गळली आणि ते टेबलाला धरून खाली बसले. नाडी इतकी मंद की मला आधी सापडेचना. रक्त तपासलं, तर पोटॅशियम पावणेसात! पाचच्या आत हवं. हा क्षार कमी पडला तरी हृदयाचे ठोके चुकतात आणि फार वाढला तर हृदय बंदही पडू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी तिथेच सुनावलं. मग विचारलं, जेवणात काय बदललंत?

काय बदललं? तुझं मीठ! बाबांचं ब्लडप्रेशर वाढल्याचं कळलं, तेव्हा मोबाइलवर काहीतरी वाचून तू ते 'हृदयाला हितकर' मीठ डबाभर पाठवलंस. वर फर्मान, साधं मीठ घरातून हद्दपार कर. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं म्हणे. चार वर्षं इकडे फिरकला नाहीस, अक्कल मात्र पार्सलने पाठवतोस. बाबांच्या छातीला तारा लावल्यात. त्या यंत्राकडे बघत बसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लोभ सध्या मागू नकोस.
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं. बाबांचं पोटॅशियम उतरून ते घरी आले, हे शेजारच्या काकूंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. ब्लडप्रेशरच्या नव्या गोळीने पोटॅशियम अंगात साठतं आणि बाबांची मूत्रपिंडंही थकलीत, असं त्या म्हणाल्या. ही गोळी नोव्हेंबरात सुरू झाली. मला कळवलंस? पडद्यांच्या रंगाबद्दल पानभर लिहिलंस, गोळीबद्दल अवाक्षर नाही. रक्त पुन्हा तपासायचं होतं, तेही गणवेश शिवायची घाई आहे म्हणून तूच पुढे ढकललंस.

मीही इथे लिफ्ट दुरुस्त करत दिवसभर लोंबकळतो, गाद्यागिरद्यांवर लोळत नाही. आणि फिरकत का नाही म्हणतेस? आई गेली तेव्हा 'पाहुण्यासारखा आलास' असं सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं?

एक मात्र मला कळत नाही. काकू म्हणतात डबा संपत आलाय, तो महिनाभरातच कसा? तू मीठ घालत होतीस की ओतत होतीस?

बाबांस शि. सा. न. तुझा राग ओसरला तर कळव.
धाकटा

ता. १७ फेब्रुवारी

चि. ताई आणि चि. धाकटा,
दोघांना एकच पत्र, कारण दोघांवर एकाच गोष्टीसाठी ओरडायचंय. ताई, तू पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली आहेस. पण बोलायला लागलो की 'छातीला ताण नको' म्हणून मला गप्प करतेस. म्हणून तुलाही लेखी.

धाकट्याचं भांडणाचं पत्र शिवणयंत्रावर सापडलं, ते वाचलं; ताईने काय लिहिलं असेल तेही त्यावरून कळलं. रक्त माझं, हृदय माझं, आणि मला एकानेही काही विचारलं नाही. अरे, माझा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला. ते मीठ कडवट आहे, हे मला पहिल्याच घासाला कळलं. ताई हात राखूनच घालायची. वरून मीच घ्यायचो, सकाळी पावावर, दुपारी सूपमध्ये, चमचा चमचा. तोंड वाकडं व्हायचं, तरी घ्यायचो.

का? आई गेल्यापासून तुम्ही दोघं फोनवर एकमेकांशी धड बोललात ते फक्त या मिठापायी. डबा आला तेव्हा ताईने धाकट्याला फोन केला, पाच मिनिटं का होईना, आणि शेवटी हसलीसुद्धा. म्हटलं, हा संपला की पुन्हा फोन होईल. त्यासाठी मी तो संपवत होतो, मूर्खांनो! त्यापायी मरता मरता वाचलो, आणि तुम्ही वाद घालताय चूक कुणाची याचा.

येत्या सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय. तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना बसलेले नसाल, तर मी सुईपुढे हात धरणार नाही. डॉक्टरीणबाईंना तसं बजावून ठेवलंय.

आशीर्वाद तिथेच, समोरासमोर.
बाबा