मागच्या दाराचं कुलूप

३ फेब्रुवारी, मंगळवार
ज्या परदेशी कंपनीचे शर्ट आम्ही शिवतो, तिच्या अंधेरी ऑफिसातून आज दोन मेल. पहिला – माल पंधरा दिवस आधी हवा. दुसरा – सोमवारी तपासनीस येईल, बायकांना सहानंतर थांबवत नाही ना ते पाहायला. दोन्हींखाली सही एकाच श्रुतिकाची! हसावं की रडावं?

नंदकुमार शेठनी लगेच मागच्या दाराला कुलूप ठोकलं. सहाला कुणी सटकू नये म्हणून. जोगेश्वरीतला आमचा गाळा, वर एकशे चाळीस बायका, आणि आता उतरायला पुढचा तो एकच अरुंद जिना.

५ फेब्रुवारी
इस्त्रीच्या टेबलावर कापड पेटलं. विझवलं. पण तोवर बायका मागच्या दारावर जाऊन आदळल्या होत्या. मालनमावशीचं मनगट सुजलंय. बावीस वर्षं मशीनवर बसतेय ती. हळूच म्हणाली, "मॅडम, सोमवारी त्या माणसाला खरं सांगू?"

मी म्हटलं, ऑर्डर गेली तर सगळ्याच घरी बसाल. ती सुजलेल्या हातानंच परत मशीनवर जाऊन बसली. माझी मलाच लाज वाटली.

७ फेब्रुवारी
पाच जणी निवडून पाठ करून घेतलं – 'मागचं दार कायम उघडं असतं, आम्ही सहाला घरी जातो.' शाळेत कविता घेतात तसं, चार-चार वेळा. मावशीचं सगळ्यांत आधी पाठ झालं.

९ फेब्रुवारी
वाट लागली! सकाळी कुलूप काढलं होतं. तपासनीस अनिरुद्ध म्हणून, शांत माणूस. एकेकीला वेगळं बसवून विचारलं. पाचही जणींनी तेच वाक्य म्हटलं – शब्दाला शब्द! जाताना मला म्हणाला, "पाठांतर छान करून घेतलंत." अहवालात तेच लिहिलं.

शेठ माझ्यावर उखडले. मी मान खाली घातली, पण आतून बरं वाटत होतं. आता तरी कंपनीला कळेल, दार उघडेल. मावशीलाही तसं सांगून टाकलं. ती हसली.

१० फेब्रुवारी
कुलूप परत लागलं.

१३ फेब्रुवारी
श्रुतिकाचा मेल. तारीख बदलणार नाही. सोमवारी पुन्हा तपासणी, माणूस दुसरा. सोबत त्याच पाच जणींची नावं, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगवेगळ्या शब्दांत लिहून तयार. मालनमावशीच्या नावापुढे आहे – 'मागचं दार ना? मी तर रोज तिथूनच घरी जाते.'