इस्तंबूलमध्ये तुझ्यासाठी लावलेला दिवा

आई, आज शनिवार आहे आणि तुझी नात ईदच्या सुट्टीनंतर आज पहिल्यांदा शाळेत गेली आहे. शनिवारी कसली शाळा, असं तू म्हणशील. इथे रियाधमध्ये गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी सगळं जग कामाला लागतं, तुझ्या अगदी उलट. तू शनिवारी सुईत दोरासुद्धा ओवायची नाहीस. पोरगी अडीचला बसने येईल. तोवर मला घरात काही सुचत नाहीये. भात लावला आणि शिट्टी लावायची विसरले. खालून कुठल्याही गाडीचा आवाज आला की खिडकीशी जाते, पडदा जरासा सरकवते आणि परत येते. जीव नुसता टांगणीला लागलाय. कारण सांगते. ती नऊ वर्षांची आहे, तोंडाने माझ्यासारखी फटकळ आहे, आणि आता तिला माहीत आहे की तिची आजी ज्यू होती.

ती जन्मली तेव्हा तू नव्हतीस. तुझा एक फोटो तिने पाहिलाय, बाबांच्या शेजारी खुर्चीत बसलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यावरून कोणाला काय कळणार? कोकणात मात्र सगळ्यांना माहीत होतं; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तिकडे ज्यूंना शनवार तेलीच म्हणत. बाजारात कोळणी तुला "शनवार तेल्याची लेक" म्हणून हाक मारायच्या आणि तू मागे वळून "बोल गो" म्हणायचीस. त्यात लपवण्यासारखं काही असतं हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. इथे येताना व्हिसाच्या वेळी धर्म विचारला, आम्ही हिंदू सांगितला. बाबांची मुलगी म्हणून ते खरंच होतं. तुझ्याबद्दल कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तपकिरी पुठ्ठ्याचा, मुसलमानांचा हिरवा, एवढाच काय तो फरक. यांची नोकरी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, व्हिसा मालकाच्या म्हणजे कफीलच्या जामिनावर, शेजारपाजार चांगला, रमजानात खालच्या मजल्यावरून भरलेली ताटं येतात. मी सुखाने झोपत होते, आई. ही नस्ती उठाठेव मीच केली.

ईदच्या सुट्टीत यांच्या ऑफिसातले बरेचजण इस्तंबूलला जातात, म्हणून आम्हीही निघालो. पाहायच्या ठिकाणांत एका जुन्या प्रार्थनागृहात केलेल्या संग्रहालयाचं नाव होतं, तिथल्या ज्यू लोकांच्या वस्तू, त्यांचा इतिहास आणि गेलेल्यांची आठवण. ते वाचल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. हे म्हणाले, "आपण महाल बघू, बोटीत बसू, गप परत येऊ." मी ऐकते होय? वर शहाणपण म्हणजे, बॅग भरता भरता मी पोरीला सांगून बसले की तिथे तुला आजीच्या घरात होत्या तशा वस्तू दाखवणार आहे. खालच्या मजल्यावरची तिची हैदराबादी मैत्रीण तेव्हा आमच्याच गालिच्यावर चित्र रंगवत होती. तिने मान वर करून विचारलं, "कौन सी नानी का सामान?" मी म्हटलं, "मेरी अम्मी का, बेटा," आणि विषय बदलला. दोघी एकाच बसने शाळेत जातात, एकाच बाकावर बसतात. आता कळलं ना मला धास्ती कशाची आहे ते?

तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. दिव्याच्या सामानाची दुकानं असलेल्या चढणीच्या रस्त्यावरून आम्ही एका बोळात शिरतो. पाटी इतकी लहान की दोनदा पुढे जाऊन मागे यावं लागतं. हे म्हणतात, "मी इथेच चहा घेतो, तुम्ही या जाऊन." दाराला पोलादी पत्रा, बाहेर बंदूकवाला पोलीस, आत काचेमागे एक तरुण रखवालदार. तो पासपोर्ट मागतो. पानं उलटतो आणि सौदीच्या शिक्क्यांवर थांबतो. एक पान, दुसरं पान, सगळी अरबी. "तुम्ही तिथे राहता? तिथे काय करता? इथे कशासाठी आलात?" रियाधमध्ये मी ह्या जागेच्या नावाला घाबरत होते, आणि ह्या जागेत ते रियाधला घाबरत होते. मधल्या मध्ये मी, हातात पोरीचा हात आणि त्याला सुटलेला घाम. त्याने पर्स उलटी केली, पोरीच्या दप्तरातली रंगपेटी उघडून पाहिली. शेवटी मी म्हटलं, "माझी आई तुमच्यातली होती. कोकणातली." कोकण त्याला काय कळणार? पण मी ते मोठ्याने बोलले होते, परदेशात, अनोळखी माणसासमोर.

त्याने आतून एका म्हातारीला बोलावलं. तिकिटं तीच फाडायची आणि वस्तूही तीच दाखवायची. तुझ्याएवढीच बुटकी, पाठीत वाकलेली, गळ्यात दोरीला चष्मा. ती आम्हाला आत घेऊन गेली. उंच छत, निळसर भिंती, काचेच्या कपाटांतून लग्नाचे जरीचे झगे, चांदीची भांडी, पिवळे पडलेले कुटुंबांचे फोटो. मला वाटलं होतं की मला काहीतरी ओळखीचं दिसेल आणि रडू येईल, पण सगळं परकंच होतं गं. तुझं जरीचं काय होतं? एक नऊवारी. चांदी म्हणजे बाबांनी घेतलेलं निरांजन. आणि मग एका कोपऱ्यातल्या कपाटात साधा काचेचा पेला दिसला, खाली पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात. शुक्रवारी संध्याकाळी तू मांडायचीस तस्साच. मी पोरीला म्हटलं, "हे बघ. हे आजीचं." ती काचेला नाक लावून म्हणाली, "बट इट्स जस्ट अ ग्लास, मम्मा."

म्हातारीने विचारलं, आई आहे का. नाही म्हटल्यावर ती आम्हाला आतल्या चौकात घेऊन गेली. तिथे एका दगडी कट्ट्यावर गेलेल्यांसाठी दिवे लावायची सोय होती. तिने मला विचारलं, "तिचा दिवस कोणता?" म्हणजे तुझी तिथी. तुमच्या पंचांगाप्रमाणे ज्या दिवशी माणूस जातं त्या दिवशी दिवा लावतात, हे तू तुझ्या वडिलांसाठी करायचीस, मी पाहिलंय. पण तुझा दिवस? मला एकच माहीत, अविधवा नवमी. तू सवाष्ण गेलीस म्हणून बाबा पितृपक्षात त्या दिवशी तुझं करत आले. सवाष्ण जेवू घालायचे, तुझ्या आवडीची खीर नारळाच्या दुधातली करवून घ्यायचे, डोळे पुसायचे. मामा त्या दिवशी यायचे, ओसरीवर टोपी डोक्यावर ठेवून बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. आता हे सगळं मोडक्या इंग्रजीत त्या म्हातारीला कसं सांगू? मी एवढंच म्हटलं, तुमच्या पंचांगातला दिवस मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "बरं, मग आजच लावू. नाव सांग." मी तुझं सासरचं नाव सांगितलं. तिचा चेहरा कोरा. तेव्हा मला आठवलं की बाबांच्या घरी लग्नात तुझं नाव बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. मग मी तुझं माहेरचं नाव सांगितलं. ते ऐकल्यावर ती हसली, "हं, हे आमचं," म्हणाली, आणि दिवा लावता लावता काहीतरी पुटपुटली, त्यात तुझं नाव दोनदा आलं. मामांनंतर त्या नावाने तुला कोणी हाक मारली नव्हती. मी तिथेच हमसून हमसून रडले.

आणि नेमकं तेव्हा क्लिक झालं. कोणा पर्यटकांची टोळी आली होती, त्यातला एकजण दिव्यांचा फोटो घेत होता, मागे मी आणि पोरगी. माझं रडू जागच्या जागी थांबलं. तो फोटो कुठे जाईल, कोण बघेल, यांच्या बँकेतल्या कोणाचा ओळखीचा निघाला तर? त्याला म्हणावं तरी काय, की माझ्या आईसाठी लावलेल्या दिव्याजवळून मला पुसून टाक? मी पोरीला ओढत निघाले. म्हातारीने दारात पोरीच्या गालाला हात लावला आणि तिला समजेल असं सांगितलं, आपल्यात आईवरून ठरतं. आजी होती, म्हणून मम्मा आहे, म्हणून तूही आहेस. तिने प्रेमानेच सांगितलं. तिला काय माहीत आम्हाला परत कुठे जायचंय.

बोळाच्या तोंडाशी हे उभेच होते. पोरीने पहिला प्रश्न विचारला, "पप्पा, देन व्हॉट अ‍ॅम आय?" हे म्हणाले, "तू चौथीतली मुलगी आहेस. चल." पण हॉटेलवर आल्यावर यांनी माझी पर्स पलंगावर उपडी केली. तिकिटाचे तुकडे, म्हातारीने पोरीला दिलेलं चित्राचं कार्ड, सगळं बारीक फाडून टाकलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. एवढंच म्हणाले, "कफीलच्या कानावर एक शब्द गेला तर खलास. मग कोण कोणाला समजावत बसणार, शनवार तेली म्हणजे काय ते?" पोरगी कार्डासाठी रडली. रियाधच्या विमानतळावर माझं धाबं दणाणलेलं, आणि तो अधिकारी जांभई देत शिक्के मारून मोकळा झाला. कोणाला आमची पडलेली नव्हती. तरी भीती काही गेली नाही.

काल दिवसभर मी पोरीची तालीम घेतली. मैत्रिणीने विचारलं तर? महाल पाहिला. आणखी? बोट, मांजरं, आइस्क्रीम. आणि नानीचं सामान? पोरगी म्हणायची, "पण ते पाहिलं ना आपण." "पाहिलं, पण सांगायचं नाही." "का? आजीने काय केलं होतं?" तुझा दार फळण्याचा सण आठवला. तू पांढरं लुगडं नेसून मागच्या खोलीचं दार लावून दिवसभर उपाशी बसायचीस, कोणाला शिवायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. मी सातवीत होते, शाळेतली नवी मैत्रीण घरी आली आणि मला काय लाज वाटली देव जाणे, मी तिला सांगितलं की आई आजारी आहे. तू आतून ऐकलंस. त्या दिवशी उघडायचं नाही ते दार उघडून तू बाहेर आलीस आणि तिला म्हणालीस, "मी काही आजारी नाही गो. आज माझा सण आहे. उद्या ये, खायला देते." ती गेल्यावर माझ्याकडे नुसतं पाहिलंस. "मी धडधाकट बाई. मला आजारी का पाडतेस?" एवढंच बोललीस आणि पुन्हा दार लावून घेतलंस. संध्याकाळपर्यंत मी त्या दाराबाहेर बसून होते. तुला सोपं होतं, आई. रागावू नकोस, पण होतं. तुझं गाव तुला ओळखत होतं.

मघाशी फोन वाजला. खालची आपा होती, त्या मैत्रिणीची आई. "भाभी," म्हणाली, आणि जरा थांबली. तेवढ्यात माझ्या मनात सगळं होऊन गेलं, यांना बोलावणं, सामान बांधणं, पोरीची शाळा. "भाभी, दही जमाने को थोडा जामन है क्या?" मी विरजण वाटीत काढून ठेवलंय. इतकी भली बाई, आणि मी तिला भिऊन राहते आहे ह्याचंही वाईट वाटतं. तिला सगळं सांगितलं तर कदाचित ती मलाच पाठीशी घालेल. पण त्या कदाचितवर यांची नोकरी कशी लावू? बस आली वाटतं. थांब.

पोरगी जेवून टीव्हीसमोर बसली आहे. उरलेलं लिहिते आणि मग हे कागद फाडते, आमच्या घरात आता कागद फाडायची रीतच पडली आहे. ती आली ती नाचतच आली. दप्तर टाकलं, बूट काढायच्या आधीच म्हणाली, "मम्मा, तिने विचारलं!" सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मैत्रिणीने विचारलं होतं, "नानी का सामान देखा?" मी म्हटलं, "मग? तू काय सांगितलंस?" मी शिकवलेलं तिला पुरेसं वाटलं नव्हतं, तिने स्वतःच्या मनाने चांगलं पक्कं उत्तर तयार केलं होतं. "मी सांगितलं, मेरी कोई नानी है ही नहीं. कभी थी ही नहीं. मम्मा ऐसे ही बोल रही थी." मैत्रिणीला पटलं, म्हणे. मग दोघींनी चिप्स खाल्ले. आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली, बरोबर केलं ना, असं विचारत. मी तिला पोटाशी धरलं आणि शाबास म्हणाले. आई, मनापासून म्हणाले.