येते म्हणावं

१ ऑक्टोबर २००५

पोचलो एकदाचे! ट्रॉयच्या घरून निघाल्यापासून मागच्या सीटवर अनयाचं ‘आर वी देअर यट’चं पारायण चालू होतं. पण घर बघितलं आणि सगळा शीण गेला. लेक सुपीरिअरच्या अगदी काठावर, स्टोन बे नावाचं चिमुकलं गाव. खिडकीतून नुसतं पाणी, पलीकडचा काठ दिसतच नाही. समुद्रच म्हणायचा, फक्त खारा वास नाही. तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर गाव ओस पडलं. आता उरलेत थोडे मासेमारी करणारे, बहुतेक फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं. काउंटीसाठी या किनाऱ्याचा कॉम्प्युटरवर नवा नकाशा करायचं कंत्राट मला मिळालंय. ऋषी आम्हा बायको-लेकीला सोडून उद्या परत जाईल, त्याला सुट्टी नाही. बर्फ पडायच्या आत काम उरकलं की आम्हीही परत. तोवर मी, माझी चार वर्षांची पोर आणि हे एवढं मोठं तळं. मजा आहे!

६ ऑक्टोबर

दिवसभर जीपीएस घेऊन काठाने चालते, पाण्याची रेघ नोंदवते. अनया मागून दगड गोळा करत येते. इथली माणसं मात्र महातुसडी. आपण हसलो की ते तोंड फिरवतात. निरोप घेणं तर यांना माहीतच नाही. धक्क्यावर उभे असतात, एकदम पाठ फिरवतात आणि चालू लागतात. आमच्या नागपुरात पाहुणा दारात उभा राहूनच अर्ध्या गप्पा मारतो. शेजारच्या मिसेस लेहतो आमच्या घरमालकीण. बेसनाचे लाडू घेऊन गेले, तर बाईंनी डबा घेतला आणि दार लावलं. डबाही गेला!

११ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी निघताना अनयाने तळ्याला टाटा केला, ‘बाय लेक, मी जाते.’ मी लगेच टोकलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. जाते म्हणणारं माणूस परत येत नाही. शहाणं बाळ पाण्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणालं, ‘येते हं!’ मला इतकं कौतुक वाटलं. जन्म अमेरिकेतला, पण वळण आपलं.

मागे मिसेस लेहतो उभ्या होत्या. पोर काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मी हौसेने इंग्रजीत सांगितलं, आय अ‍ॅम कमिंग. बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, या पाण्याला इथे कोणी शब्द देत नाही. दिला की ते वाट बघतं. मी हसले, तर माझ्या पायाशी थुंकून निघून गेल्या. निरोप न घेता, अर्थात.

१७ ऑक्टोबर

नकाशात काहीतरी चुकतंय. सगळीकडे रेघ जिथल्या तिथे आहे, फक्त आमच्या घरासमोर पाणी वर आलंय. दुसरं जीपीएस आणून बघितलं, तेच. जेवताना अनया म्हणाली, आई, लेक विचारतंय, व्हेन? मी तिच्यावर ओरडले. ती रडत झोपली. मला भीती वाटते आहे, आणि या गावात ती सांगायला कोणी नाही.

२१ ऑक्टोबर

पाणी पायरीला लागलं. वारा नाही, लाट नाही. दुकानदाराने दूध द्यायला नकार दिला. म्हणाला, कबूल केलंय ते पुरं करा, नाहीतर ते सगळ्यांच्या दारात येईल. पुरं करा म्हणजे? माझी पोर पाण्यात घालू? परत आले तर आमच्या वाटेवर कोणीतरी ट्रक आडवा लावला. ऋषीला फोन केला. आधी म्हणाला, काहीही काय यार. मग माझा आवाज ऐकून म्हणाला, निघतो.

२२ ऑक्टोबर, सकाळ

पाणी बैठकीत आलंय. अनया बूट घालून दाराकडे तोंड करून उभी — तिचा हात घट्ट धरलाय, एका हाताने लिहितेय. देणार नाही. मेले तरी देणार नाही.

येते म्हटलं म्हणून वाट बघतंय ना? मग तो शब्दच परत घ्यायचा —

दुपार

दारातूनच म्हणायला लावलं. जाते म्हण, बाळा. मोठ्याने म्हण. म्हणाली — किती स्पष्ट — जाते.

पाणी हटलं! बैठक, पायरी, दगड, सगळं मोकळं. मी हसले, रडले. तिचा हात सोडला नाही. ओरडून सांगितलं त्या तळ्याला, माझी आहे ती —

ऋषी आला. ट्रकपाशी गाडी सोडून धावत आलाय. विचारतोय, अनया कुठंय —

ही काय. माझ्या हातात हात आहे तिचा —

गार आहे. ओला —

तो माझ्या मुठीकडे, तिच्यातून गळणाऱ्या पाण्याकडे बघतोय. परत विचारतोय. ओरडतोय. मूठ उघड म्हणतोय — नाही उघडणार — आहे ती, मी धरलंय ना तिला, मी सोडलंच ना