सत्तावीस नंबरचा पट्टा

माघ, २ गते
काल माघीचा सण खाल्ला, आज कामाला लागले. जंगलाकाठच्या या छावणीत माझ्या नातीनं, जोखनीनं, मला स्वयंपाकाला आणलंय. मला अक्षर येत नाही; मी बोलते, ती लिहिते. मी तिला नावं ठेवली की तेवढं गाळत असणार. चूल ऐसपैस आहे, भांडी मात्र कुणी जन्मात घासली नसावीत. हत्तीचा माहूत बेचन माझ्याच वयाचा. आल्या आल्या म्हणाला, वहिनी, आता तरी तांदळाच्या पिठाची उकडलेली ढिकरी मऊ मिळेल ना? म्हटलं, आधी दात आण, मग बोल.

माघ, ५ गते
पोरीचं काम बघून हसू येतं. चितळाच्या पाडसांच्या गळ्यात पट्टे बांधलेत. लोखंडी फांद्या हातात धरून ही रेडिओतली टिकटिक ऐकत रानभर हिंडते. कुठलं पाडस कुठं चरतं, किती जगतात, सगळं वहीत. सावकाश टिकटिक म्हणजे पाडस हिंडतंय. बराच वेळ हललं नाही, की टिकटिक दुप्पट. म्हणजे मेलं. आमचा गुरुवा मंत्र घालून बाळांच्या गळ्यात दोरा बांधतो, तसंच हे. फक्त गुरुवा कोंबडा घेतो, हे लोक पगार देतात.

माघ, ९ गते
आज लिहायला बेचनला बसवलंय. नातीसमोर हे बोलवत नाही.
परवा गवत कापताना कुत्र्यांनी मारलेलं पाडस दिसलं. अजून गरम होतं. टाकवेना. विळ्यानं पट्टा कापला, मांस शिजवलं, बोकड म्हणून वाढलं. जोखनीला मानेचं आवडतं, ते सगळं तिला. पट्ट्याचं काय करायचं? आमच्यात बाळ गेलं तर त्याच्या गळ्यातला दोरा जाळत नाहीत. सावरीच्या झाडाला बांधतात आणि म्हणतात, रिकामा राहू नको, दुसरा गळा शोध. तोंडाला सवय. बांधला आणि म्हणून गेले.
आता जोखनी खुशीत सांगत आली, आजी, सत्तावीस नंबर जिवंत आहे गं, इथंच कुठंतरी फिरतंय! मी तोंड फिरवून भात वाढला.

माघ, ११ गते
आता रोज बेचनच लिहितो. टिकटिक सगळ्या बाजूंनी सारखीच येते म्हणून पोर वैतागली. यंत्र बेचनच्या हातात देऊन पाण्याला गेली. ती विहिरीकडे गेली, टिकटिक विहिरीकडे. ती परत फिरली, टिकटिकही फिरली. बेचननं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, खाली ठेव ते.

माघ, १२ गते
बेचननं सावरीवरचा पट्टा आणला. दगडानं ठेचला, तारा उपसल्या. टिकटिक चालूच.
जोखनीला सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, आजी, मला विचारायचंस तरी. वहीत सत्तावीसपुढं 'जिवंत' लिहिलं होतं. ते खोडायला पेन घेतलं तिनं — मी हात धरला.

माघ, १४ गते
ताप. डॉक्टर गोळ्या देऊन गेला. दुपारी पोर निपचित पडली, आणि टिकटिक दुप्पट — हात गार. तळवे चोळले, शिव्या घातल्या, ऊठ गं भवाने — तेव्हा डोळे उघडले. लगेच टिकटिक सावकाश.
पडू द्यायची नाही. हलवत राहायचं.

माघ, १५ गते
हलवतेय. सावरीपाशी बोलले ते शब्द परत घेतले, दहादा घेतले. म्हटलं, माझा गळा म्हातारा आहे पण गळाच आहे, हा घे — ऐकत नाही. माझी जरा डुलकी लागली की —
हे बघ, पुन्हा — बेचन, लिहिणं सोड, पाय धर तिचे, मी खांदे — जोर लाव रे — जोखने, ए जोखने, हल गं, एकदा —