दोन मिनिटांच्या मौनात जे झालं ते

तीर्थरूप दादा,

तुमच्या गुडघ्यांना आणि मग तुम्हाला (रागावू नका, हल्ली घरात आधी मान कुणाला ते वहिनींनी फोनवर सांगितलंय) धाकटीचा नमस्कार. वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत. फक्त घसा बसलाय, आणि का बसलाय तेच सांगायला हे पत्र. तुमच्या चिरंजीवांनी 'आत्याला वाचनालयातून हाकललं' एवढी एकच ओळ तुमच्या कानावर घातली म्हणे. ओळ खरी आहे. पण जन्मभर वकिली केलेल्या माणसाला मी काय सांगावं, की एका ओळीवर निकाल देत नसतात!

तर, आमचे लेखक गेले. आमचे म्हणजे माझे, दातांच्या डॉक्टरांचे, कंडक्टरबाईंचे आणि गावातल्या त्या सगळ्यांचे, ज्यांची आणि त्यांची कधी गाठ पडली नाही पण ज्यांना त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं स्वतःच्या व्याह्यांपेक्षा जास्त ठाऊक आहेत. सकाळी बातम्यांत सांगितलं. मी कुकर लावत होते. शिट्ट्या किती झाल्या ते कळलंच नाही, आणि त्या दिवशी डाळीची जी काय लापशी झाली ती मी उभ्या उभ्याच खाल्ली. शेजारीण म्हणाली, "अहो, पण ते तुमचे कोण?" आता काय सांगायचं? ह्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघांनी त्यांची ती पंख्याची कादंबरी वाचली. (नाव वेगळंच आहे, पण आम्ही सगळे 'पंख्याची'च म्हणतो.) मी वाचायची, हे पडून ऐकायचे. नर्स येऊन दटावून गेली, "आजोबा, हसू नका, टाके तुटतील." ह्यांनी विचारलं, "मग तुटायच्या आधी हे प्रकरण तरी संपवू का?" आणि तीच नर्स दाराशी उभी राहून ते संपेपर्यंत हलली नाही. हे गेल्यावर जो आला तो मला 'सावर' म्हणाला. कशानं सावरायचं ते एकानंही सांगितलं नाही. मी ती कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून काढली. म्हणून, ते माझे कोण या प्रश्नाला मी शेजारणीला 'नात्यातले' एवढंच उत्तर दिलं आणि दार लावून घेतलं.

आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरींनी (माणूस वाईट नाही, पण फळ्यावर सूचना लिहायला मिळावी म्हणूनच जन्माला आलाय) लगेच शोकसभा जाहीर केली. वाचकांनी बोलायचं नाही, कारण वेळ नाही. बोलणार एकटे सेक्रेटरी. ते बोलले. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, सगळं अगदी रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाचून दाखवलं. एकाही पुस्तकातल्या एकाही माणसाचं नाव निघालं नाही. डॉक्टरांनी हात वर केला तर सेक्रेटरी म्हणाले, "शंका शेवटी." शोकसभेत कसली आलीय शंका? मेलाय तो मेलायच की! मग त्यांनी घसा खाकरून दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

आता इथे पंख्याच्या कादंबरीतला एक प्रसंग तुम्हाला सांगायलाच हवा. त्यात कचेरीतला साहेब वारतो. आयुष्यात त्यानं कुणाला होकार म्हणून दिलेला नसतो. रजा मागा, नाही. बदली मागा, नाही. त्याच्या शोकसभेत सगळी कचेरी माना खाली घालून उभी असते, आणि त्या शांततेत डोक्यावरचा जुना पंखा फिरता फिरता म्हणायला लागतो, "बरं... बरं... बरं..." एक कारकून हळूच पुटपुटतो, "साहेब, मग उद्यापासून रजा घेतो."

दादा, त्या सभागृहात माना खाली घालून आम्ही उभे होतो आणि आमच्या डोक्यावरचा पंखा म्हणाला, "बरं."

मी ओठ चावले. देवाशपथ चावले. ह्यांची आठवण काढली, तर हे डोळ्यांपुढे टाके धरून हसतच आले. तिरक्या नजरेनं पाहिलं, तर डॉक्टरांचे खांदे हलत होते. कंडक्टरबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पंखा पुन्हा म्हणाला, "बरं... बरं..." आणि मला हसू फुटलं. तुम्हाला माझा आवाज ठाऊक आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झाली, खराब लाइनवर पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असा गळा सरकारी खर्चानं तयार झालाय. माझ्यामागून डॉक्टर, मग कंडक्टरबाई, मग मागच्या सगळ्या रांगा. लोक खुर्च्यांना धरून हसत होते आणि डोळे पुसत होते. कुणी रडून हसत होतं आणि कुणी हसून रडत होतं ते आता विचारू नका, माझं मलाच सांगता येणार नाही. आणि गंमत अशी, की ज्यांनी त्यांना वाचलं नव्हतं तेवढेच गंभीर चेहऱ्यानं उभे होते. सेक्रेटरी त्यांतच. ते बिचारे आमच्याकडे, मग वर पंख्याकडे, मग स्वतःच्या पँटकडे बघत राहिले.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "सुरुवात कुणी केली?" शाळेत विचारतात तसं. मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "माफी मागा." मी विचारलं, "कुणाची?" ते फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "यांची." मी फोटोकडे पाहिलं. दादा, तो माणूस फोटोतसुद्धा हसू दाबत होता. मी म्हटलं, "हा माणूस जन्मभर राबला तो आम्हाला हसवायला. त्यांच्यापुढे तोंड पाडून उभी राहिले याची हवी तर माफी मागते. हसले याची मागणार नाही." त्यावर माझं सभासदत्व रद्द. डॉक्टर म्हणाले, "मग माझंही करा." कंडक्टरबाई म्हणाल्या, "माझं आधी, मला ड्यूटीवर जायचंय." सेक्रेटरींनी पंखा बंद केला, दिवे घालवले (आधी पंखा, हे ध्यानात घ्या) आणि सभागृहाला कुलूप घातलं.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. घरी जावंसं कुणालाच वाटेना. डॉक्टरांच्या पिशवीत पंख्याची कादंबरी निघाली, आणि तिथेच मी पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या संध्याकाळी दुसरं. बातमी पसरली. लोक येताना बसायला घरून चटया आणायला लागले. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून येतात. एकदा एक पेशंट गाल धरून मागोमाग आला आणि दात न काढताच शेवटपर्यंत बसला. आतला वर्तमानपत्रांचा कोपरा ओस पडला. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'पायऱ्यांवर वाचू नये.' वाचनालयाच्या फळ्यावर, दादा! आम्ही त्या फळ्याखालीच बसतो.

परवा साहेबाच्या शोकसभेचं प्रकरण वाचता वाचता अंधारलं. अक्षरं दिसेनात म्हणून मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात पायऱ्यांवरचा दिवा लागला. दारात सेक्रेटरी. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "कुणी पडलं तर जबाबदारी संस्थेवर येते." आत मात्र गेले नाहीत. चाव्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत बराच वेळ खांबाला टेकून उभे होते. मी प्रकरण संपवून पुस्तक मिटलं तशी हळूच म्हणाले, "मग त्या कारकुनाला रजा मिळते का?"

एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई मी. कुणाला किती वेळ ताटकळत ठेवायचं ते मला बरोबर कळतं. म्हटलं, "उद्या या. चटई आणा."

काल ते चटई घेऊन आले. सभासदत्व अजून रद्दच आहे. त्यांनी ते परत देऊ केलं नाही आणि मी मागितलं नाही. माफी तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल, या वयात हे काय? तर या वयातच. तरुणपणी मला वेळ कुठे होता?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. माझा आवाज पार गेलाय. डॉक्टर वाचतात ते भूल दिल्यासारखं, आणि कंडक्टरबाई प्रत्येक परिच्छेदानंतर 'पुढे सरका' म्हणतात. तुमच्या आवाजानं न्यायाधीश जागे व्हायचे. शनिवारच्या गाडीनं या. पायऱ्या चढायच्या नाहीत, पहिल्याच पायरीवर बसायचंय, तेव्हा गुडघ्यांची सबब चालणार नाही.

ता. क. २ : 'मी कादंबऱ्या वाचत नाही' हेही चालणार नाही. जाडजूड कायद्याच्या पुस्तकात घालून तुम्ही काय वाचता ते वहिनींनी मला मागेच सांगितलंय. कायदा वाचून इतकं हसू कुणाला येत नाही, असं त्या म्हणाल्या.

ता. क. ३ : आणि हे सांभाळून ठेवा, पुढेमागे लागेल. माझ्या पश्चात कुणी सभा भरवलीच, तर पुस्तक वाचा, भांडा, माझ्या नकला करा, काय वाटेल ते करा. पण कुणी दोन मिनिटं गप्प उभं राहिलं, तर मी उठून बसेन.