आवाज बंद केलेला भुताचा सिनेमा

आत्या, मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली. मी लिहिलं होतं की दादाने आणलेली भुताच्या त्या जुन्या सिनेमाची सीडी तू मला कधी बघू दिली नाहीस. तसं नव्हतं. बघू दिलीस, पण आवाज बंद करून. चित्र सीडीतलं आणि बोलणं तुझं.

आपल्या घरची रीतच तशी. पोरीला पहिली अक्षरं आत्याने शिकवायची, शाळा त्यानंतर. आई वारलेली, बाबा आणि दादा वाडीत केळीला पाणी सोडायला गेलेले, आणि तू टीव्हीसमोर बोंबील साफ करत मला पाढे विचारतेस. पाढा चुकला की सीडी लागते. पांढराफटक माणूस खिडकीबाहेर उभा राहून ओठ हलवतो, आतल्या कोणालाच तो दिसत नाही. तू म्हणतेस, "मेल्यावर पोरीला बघायला आलाय. पण पोर खोटारडी, म्हणून तिला दिसत नाही. तुझी आईपण येते अशी. तू चुकलीस की परत जाते." मी वळून आपल्या खिडकीकडे बघते. "बघ, गेली," तू म्हणतेस आणि पुढचा बोंबील घेतेस. बाबा अजून कौतुकाने सांगतात, "आमच्या ताईने पोरीला कधी बोटसुद्धा लावलं नाही." खरंच आहे ते.

गेल्या रविवारी जूचंद्रला दादाच्या फ्लॅटवर मी तो सिनेमा पहिल्यांदा आवाजासकट पाहिला. वहिनी म्हणाली, "बसा हो ताई, हसून हसून पोट दुखेल." खिडकीचा प्रसंग आला तेव्हा मी उशी घट्ट धरली. तो माणूस आत डोकावला आणि म्हणाला, "अहो, जरा चुना आहे का? तंबाखू आणलीय, पण वर चुनाच मिळत नाही." दादा सोफ्यावरून घसरला. त्याची चार वर्षांची पोर, माझी भाची, टाळ्या पिटायला लागली. चुना! इतकी वर्षं मी त्या खिडकीत आई शोधत होते, आणि त्याला चुना हवा होता. मीही हसले. तू मेलीस याचा मला त्या वेळी पहिल्यांदाच आनंद झाला, आणि तो मी कोणाला दिसू दिला नाही.

"तू चक्क हसतेस?" दादा म्हणाला. "आत्या असती तर पाढे म्हणायला बसवलं असतं! बरं ऐक, दसऱ्याला हिचं पाटीपूजन करू. मग तूच शिकव हिला, आत्याने तुला शिकवलं तसं. तुझं कधी काही चुकतं का?" त्याला काहीच माहीत नाही. तो तेव्हा वाडीत असायचा.

तेवढ्यात भाची रिमोटवर बसली आणि आवाज गेला. पडद्यावर तो नुसते ओठ हलवत होता. त्या शांततेत माझं तोंड आपोआप उघडलं. "बघ, कसा बघतोय तुझ्याकडे. खोटं बोललीस ना, की..." पोरीचं हसू थांबलं. तिने सावकाश मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मी बघायचे, अगदी तसंच. "अगं, ऊठ, रिमोटवर बसलीस!" वहिनी ओरडली आणि आवाज परत आला. दादा-वहिनी पुन्हा हसायला लागले. पोर मात्र हसली नाही. माझ्याकडे बघून ती मांडी घालून, हात जोडून नीट बसली.

हे पत्रही मागच्यासारखं कपाटातच राहील. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय ते बंद करता येत नाही. ती तशी नीट बसली, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. तुलाही तसंच वाटत असणार, आत्या. म्हणून ती पोर माझ्या हाती द्यायची नाही. पाटीवर सरस्वती काढण्याआधी हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू मला काय दाखवलंस ते, आणि मी तिला काय म्हणाले तेही. बाबा रडतील. रडू देत. दसरा येत्या गुरुवारी आहे.