ह्यांचं शुगरचं मशीन

३ मार्च, दुपार
लेक बाळाला घेऊन राहायला आली. गरोदरपणात तिला शुगर झाली होती, आता उतरली आहे. डॉक्टरीणबाईंनी पाळणा लांबवायच्या गोळ्या दिल्यात आणि लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलंय. मासिकात वाचलं, काही गोळ्यांनी शुगर वाढू शकते. लेख अर्धाच वाचला. कळलं तेवढ्यात.

४ मार्च
निश्चय: ह्यांना शुगरने नेलं, लेकीला नेऊ देणार नाही. गोळ्या बंद. ती म्हणाली, आई, तू डॉक्टर कधी झालीस? म्हटलं, तुझ्या बाबांचा पाय कापला त्या दिवशी. तिने गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. जिंकले.

५ मार्च, सकाळ
कपाटातून ह्यांचं मशीन काढलं. सेल बदलला. पट्ट्यांची डबी निम्मी शिल्लक आहे. हिच्या बोटाला टोचलं. एकशे दोन! गोळी सोडल्याचा गुण. जावई फोनवर म्हणाले, पण आई, आधी किती होती? नसत्या शंका. ह्यांचेही शेवटी शेवटी असेच छान आकडे यायचे.

१९ एप्रिल
लॅबला गेलो नाही. पोर रडत होतं, आणि घरात मशीन असताना लॅब कशाला? आज अठ्ठ्याण्णव. आकडा आला की वाटतं, हे पलंगावरून विचारतायत, किती गं? मी मोठ्याने सांगते. लेक बघत राहते.
रविवारी जावई मुक्काम करून गेले. लेकीला धास्ती. म्हटलं, अंगावर पाजतेस ना, दिवस जात नाहीत. हेही वाचलंय कुठेतरी.

२ जून
लेक सारखी पाणी पिते. ऊन. सारखी लघवीला जाते. पाणी पिते म्हणून. थकते. बाळामुळे. मशीन म्हणतं शंभर. वाद मिटला.

२४ जून, संध्याकाळ
जावयांनी हट्टाने नेलं. लॅबमध्ये शुगर तीनशेच्या जवळ. वर दिवस गेलेत. पोटातल्या जिवालाही या साखरेचा धोका आहे. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच लागलं. म्हणाल्या, आजी, शंका होती तर गोळी बदलून दिली असती, विचारायचं तरी. मी घरच्या मशीनचं सांगितलं, तर म्हणाल्या, पट्ट्या कधीच्या?
घरी लेक एवढंच बोलली, आई, तो लेख पूर्ण कर. केला. पुढच्याच पानावर होतं, गोळी आपल्या मनाने थांबवू नका.
मग चष्मा पुसून डबी वाचली. पट्ट्यांची मुदत हे हयात असतानाच संपली होती.